पुठ्ठा

नाखोन पाथोमला, कालव्याच्या काठी,
लमियत मावशीच्या पडवीत
नऊशे बाटल्या.
दारूच्या, चपट्या, धुतलेल्या.
एकेकीत एकेक नर
आणि दर दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा.

पुठ्ठ्यांचं काम माझं.
सकाळी काढायचे, दहा मिनिटांनी लावायचे.
तेवढ्यात ते कल्ले फुगवतात,
ओली लुंगी झटकावी तशी शेपटी फेकतात
आणि काचेवर नाक आपटतात.
मावशी म्हणते, तेवढं लागतंच.
राग अजिबात आला नाही, तर मासा सुस्तावतो.
फार आला,
तर स्वतःचीच शेपटी कुरतडून खातो.

मी आले एप्रिलमध्ये,
सोंग्क्रानच्या पाण्याने निथळत,
एक पिशवी घेऊन.
मावशीने माझं मनगट बघितलं
आणि विचारलं, जेवलीस का?
बाकी काही नाही. आजतागायत नाही.

जोडी लावायचं तिने मला पावसाळ्यात शिकवलं.
मादी आधी नुसती दाखवायची.
हौदात नर, मधोमध कंदिलाची काच,
काचेत मादी.
बदामाच्या पानांनी पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं.
तो नाचतो. मी त्याच्याकडेच बघत बसायचे,
इतका निळा, की बाजारात दोन हजार बात सहज.
मावशीने माझी हनुवटी धरून वळवली.
तिच्याकडे बघ.
अंगावर आडव्या रेघा आल्या, तर ती भ्यालीय, काढ बाहेर.
उभे पट्टे आले, तर थांब.
अजून एक दिवस थांब.
आणि तो बुडबुडे जमवतोय का, ते बघ.
घरटं न बांधता नुसता धावून येतो
तो कितीही निळा असू दे,
परत बाटलीत.

मग एका संध्याकाळी काच उचलायची.
पाठलाग होतोच. पंख थोडे फाटतात.
म्हणून हौदात आधी शेवाळ, फुटकं मडकं,
केळीच्या पानाचा तुकडा.
लपायला जागा पहिली, मावशी म्हणते,
बाकीचं सगळं नंतर.

तो तिला वेढून घेतो.
ती आडवी होऊन मेल्यासारखी तरंगते,
आणि तिच्यातून खसखस सांडते, पांढरी.
तो एकेक दाणा तोंडात झेलून
वर बुडबुड्यांत नेऊन ठेवतो.
इतकं हळुवार, की मला रडूच आलं.

रड नंतर, मावशी म्हणाली, वाडगा आण.
तिला आत्ता काढ, नाहीतर सकाळी
अर्धीच सापडेल.
आता त्याला हलेल ते सगळं चोर वाटणार.

वाडग्यातली मादी दमलेली, फिकट,
एका बाजूने खवले गेलेले.
मी विचारलं, चूक कुणाची?
मावशी हात पुसत म्हणाली,
माशांत चूक नसते गं. हौद लहान असतो.
मग जरा वेळाने,
मी विचारलं नसताना,
माणसांत असते.

गुरुवारी विचियान आला.
मोटारसायकल, इस्त्रीचा शर्ट, मँगोस्टीनची पिशवी.
मावशीने त्याला बाहेरच बसवलं,
पडवीच्या बांबूच्या चिकापलीकडे.
पाणी दिलं.
तो चांगलं बोलत होता. तो नेहमीच चांगलं बोलतो.
नोकरी लागलीय म्हणाला, दारू सोडलीय म्हणाला.
घराचं भाडं थकलंय,
ते मला त्याच्या भावाकडून आधीच कळलं होतं.

चिकातून ऊन आत आलं होतं.
माझ्या दोन्ही हातांवर
कोपरापासून मनगटापर्यंत
आडव्या रेघा.

मी पाहिल्या.
मावशीने पाहिल्या.
ती गुडघ्यावर हात टेकून उठली
आणि चिकापलीकडे म्हणाली,
आज नाही, पोरा.

पुन्हा कधी, त्याने विचारलं.
तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही.
मँगोस्टीन गोड होती, ती आम्ही खाल्ली.

संध्याकाळी बघते तर
सकाळचा एक पुठ्ठा लावायचा राहिलेला.
दोघेही दमून तळाशी बसलेले,
कल्ले मिटलेले,
काचेतून एकमेकांकडे बघत.
मी पुठ्ठा हातात घेऊन
बराच वेळ उभी राहिले.
मग लावला.