तिसऱ्या प्रवेशातलं अंडं

कुताइसीत, मोज्यांच्या बंद कारखान्याच्या तळघरात
आमचं नाटक चालू होतं. खुर्च्या बासष्ट.
एलिझबार आला, ओला कोट मांडीवर घेऊन बसला,
टाळ्यांआधीच उठला; तिबिलिसीची शेवटची गाडी गाठायची होती.

गुरुवारी छापून आलं:
दिग्दर्शन सैल, संहिता स्वतःच्याच प्रेमात,
प्रकाशयोजना जरा जास्तच शहाणी. म्हणजे मी.
"अख्ख्या प्रयोगात खरं असं एकच होतं,
तिसऱ्या प्रवेशात विधवा खाते ते अंडं."

दिग्दर्शक दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
मझिया म्हणाली, तेरा वर्षं रंगभूमीवर काढली
आणि हरले कुणाकडून, तर कोंबडीकडून.

पण त्सियाला,
जी पडद्यामागच्या शेगडीवर रोज सात मिनिटं
ते अंडं उकडते, सोलते, बशीत ठेवते,
जिचं नाव पत्रिकेत चुकीचं छापलंय,
तिनं कात्री मागितली.
कात्रण घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

त्या रात्री तिचा हात थरथरला असावा.
घड्याळ बघायचंच राहिलं.
मझियानं चावा घेतला आणि कच्चा बलक
हनुवटीवरून काळ्या झग्यावर ओघळला.
ती थांबली. वाक्य विसरली.
बाहीनं तोंड पुसलं, आणि रडली.
असं रडायचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी दिवा मंद करायचा होता. केला नाही.

प्रेक्षक अकरा.
एलिझबार तिकडे तिबिलिसीत, दुसऱ्या कुणाच्या नाटकाला,
घड्याळ बघत.