बिनशेपटीची इली

वडगावात, मंगाईच्या देवळामागं
आमचं घर मागाच्या ठोक्यावर उभं आहे.
एक माग अजून चालतो, दोन भंगारात गेले.
त्यांच्या जागी टेबल, टेबलावर लॅपटॉप
आणि साडेसहाशेचा हा ब्लूटूथ माऊस.
दोरी नाही, शेपूट नाही.

बाबांनी पहिल्या दिवशी तो उलटा केला,
पोटातला लाल उजेड डोळ्यांजवळ धरला.
"धोटाच की हा. पण सूत कुठाय?"
मी म्हटलं, सूत लागत नाही याला, हवेतनं जातं.
"हवेतनं?"
त्यांनी बोटं हवेत फिरवली
तुटलेली तार शोधावी तशी,
मग कानाशी नेऊन हलवला.
आत सेल खडखडला.

मी साड्यांचे काठ काढते.
एक चौकोन म्हणजे एक तार.
कोयरीच्या पाठीला बाक यायला
चारशे ऐंशी चौकोन, चारशे ऐंशी टिचक्या.
बाबा हेच पुठ्ठ्यावर पंचानं करायचे,
एक भोक चुकलं की सगळी कोयरी आंधळी.
"तुझं बरं आहे," म्हणतात,
"तुला भोक बुजवता येतं."

माऊसखाली आधी साडीचा तुकडा घातला होता.
जरीवर बाण बावचळायचा,
चमकणाऱ्या गोष्टीवर त्याचा पाय ठरत नाही.
मग माळ्यावरनं बाबांचीच कार्डं काढली,
काळपट, दोरीनं एकमेकांना शिवलेली.
त्यांच्यावर नीट चालतो.
फक्त भोक आलं की
ठेच लागल्यासारखा थबकतो, मग पुढं.

जुना लॅपटॉप शिमग्यानंतर इरण्णाला दिला,
भिंतीपलीकडच्या, हप्त्यानं.
दोन हप्ते अजून यायचेत.

काल सावकाराला सातला डिझाईन पाठवायचं होतं
आणि बाण नाहीसा.
माऊस हलवला, आपटला,
सेल काढून दाताखाली चावला, परत घातला.
शेवटी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला;
घड्याळ सहा चाळीसला थांबलं.
पोटातला उजेड लाल, जिवंत,
पडद्यावर अर्धी कोयरी,
आणि बाण कुठंच नाही.

तेवढ्यात पलीकडनं इरण्णा ओरडला,
"अक्का, निम्म इली नम्म मनीगे बंदैती!"
तुमचा उंदीर आमच्या घरी आलाय.
लगेच एक भांडं पडलं.
गंगव्वा केरसुणी घेऊन धावली असणार.

पोटावर बारकं बटन असतं.
एक म्हणजे जुना लॅपटॉप, दोन म्हणजे नवा.
बाबांनी पुसताना दाबलं असावं.
मी इथं मनगट हलवत होते
आणि त्याच्या जमाखर्चावर बाण धावत होता.

लगेच दोन दाबायला हवं होतं.
नाही दाबलं.
"बलक्क," तो म्हणाला. मी उजवीकडं नेला.
"मेलक." वर नेला.
"निल्लरी!" थांबले.
त्याच्या बेरजेखाली
न बघता एक रेघ ओढली.
"सरळ आली की हो अक्का," तो म्हणाला, आता मराठीत.

बाबांनी माग बंद केला.
घर एकदम ओळखू येईना.
भिंतीला तळवा लावून ते उभे राहिले.
"दीड हात मातीची भिंत," म्हणाले,
"तुझ्या आज्जानं पायानं चिखल तुडवलेला.
ह्यातनं गेलं? न तुटता?"
मला उत्तर येत नव्हतं.
मी दोन दाबलं.
बाण परत आला,
कोयरीच्या टोकाशी, जिथं सोडला होता तिथंच.

डिझाईन सात वीसला गेलं.
सावकार बोलला काय ते बोलला.
घड्याळात अजून सहा चाळीस.

आज सकाळी गंगव्वानं
पोराच्या हाती ताटली पाठवली,
जोंधळ्याची भाकरी, वर शेंगाचटणीची चिमूट.
इलीला म्हणून.

बाबांनी खाल्ली,
मागाशी उभ्या उभ्या.