छाट

निपाणीत तेव्हा तंबाखूची रिकामी वखार भाड्यानं मिळायची,
रात्रीला साठ रुपये, शिंका फुकट.
सातेरीनं दोन रात्री घेतली.
कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, मल्लिकार्जुन व्हिडिओचा,
पट्ट्यावर कुणाच्या तरी हळदीचे डाग.
हॅलोजन माझ्या हातात.
पटकथा सव्वीस पानी, कारखान्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर.

भूत म्हणजे कल्लव्वा मावशी.
पांढरं पातळ तिनं घरचंच आणलं
आणि उभी राहण्याआधी विचारलं,
"मराठीत बोलू का कन्नडात?
मेल्यावर कुठल्या बाजूला धरतात?"
सातेरी बराच वेळ पेन्सिल चावत बसला.
मग भुताचे सगळे संवाद खोडले.
तेवढ्यात मावशीला शिंक आली. तीही शूट झाली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी थोडी उरली होती.
आईच्या मागून तो कारखान्यावर गेला
आणि खिडकीतून फक्त हात घेतला, दिवाणजीचा.
पुष्कराजची अंगठी.
बोटं बिड्यांच्या कट्ट्यावरून फिरतात,
थांबतात,
एक कट्टा बाजूला. छाट.
आणखी एक.
आवाज नाही, माइक सकाळीच तुटला होता.
कुठं जोडावं कळेना, म्हणून मध्येच जोडलं.

गणपतीत मंडपात टीव्ही लावून दाखवला.
भूत आलं, बायका हसून लोळल्या,
"अगं कल्लव्वा, पदर सांभाळ!"
सगळ्यात मोठ्यानं कल्लव्वाच हसत होती.
मग तो हात आला.
कुणीतरी झोपलेलं पोर उचलून मांडीत घेतलं.
दिवसभर पानं वळलेली बोटं
आपोआप मुठीत गेली.
माझी आई म्हणाली, "बंद कर ते."
एवढंच.

सातेरीनं माझ्याकडं पाहिलं,
फुसका समजून उचललेला फटाका
हातातच फुटावा तसं.

त्याचं नाव व्हायला पुढं नऊ वर्षं गेली.
त्यातली चार कोल्हापुरात, दुसऱ्यांची भुतं लिहिण्यात,
बिननावी, पानाला वीस रुपये.
त्याबद्दल तो बोलत नाही.

पहिली टेप राहिली नाही.
मल्लिकार्जुननं तिच्यावर संकेश्वरचं एक लग्न घेतलं.
मी पाहिलीय ती कॅसेट:
अक्षता, पंगत, नवरीची आई रडते,
फुलं लावलेली ॲम्बॅसडर वळणावर दिसेनाशी होते,
मग पडदाभर मुंग्या.
आणि मुंग्यांतून, चारच सेकंद,
तो हात येतो,
कट्ट्यावरून फिरतो,
थांबतो.