सत्त्याऐंशीवं मिनिट

कॉम्प्युटर सेकंडहँड, बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून
साडेचार हजारांना आणलेला.
बटणांवरची निम्मी अक्षरं पुसून गेलेली,
स्पीकर पहिल्या दिवसापासून मुका.

त्यामुळं आमच्या घरी फुटबॉल
आवाजाशिवाय चालतो.
ऐंशी हजार माणसं तोंड उघडतात
आणि ऐकू येते फक्त कूलरची घरघर,
सुजातच्या अंगठ्याखाली स्पेसबारची टकटक.

मी आधी भांडले.
डोळे जातील, पाठ जाईल, चौथीची स्कॉलरशिप जाईल,
आया जे म्हणतात ते सगळं म्हणाले.
"हाफ टाइम होऊ दे, यायलोच जेवायला."
त्याचा हाफ टाइम भाकरी गार झाल्यावर होतो.
एकदा तर मी वायरच उपसली.
रडला नाही. नुसतं म्हणाला,
"आपण दोन-एकनं पुढं होतो."
आपण.

खरा राग मला त्या पाण्याचा यायचा.
सामना सुरू व्हायच्या आधी
मैदानावर तुषार उडतात, कुणी न मागता,
हिरवळ आणखी हिरवी होते.
इथं नळ आठव्या दिवशी,
तोही रात्री अडीचला.
स्टेडियमच्या मागं सुजातचं खरं मैदान आहे,
तिथं चेंडूच्या पुढं धूळ पळते,
गोलचा एक खांब बाभूळ, दुसरा दप्तरांचा ढीग.
एप्रिलात तेही बंद. बेचाळीस डिग्रीत
कोण सोडतं लेकराला बाहेर?

मग एका रविवारी म्हणाला,
"आई, तू स्टँडवर बोलतीस तसं बोल की.
सगळ्यांच्या गेममधी बोलणारा माणूस असतो,
आपलाच गप हाय."

परभणी बसस्थानकाच्या नियंत्रण कक्षात
अकरा वर्षं माइकसमोर बसते मी.
हात पुसले, घसा साफ केला.

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
क्रमांक सात डाव्या बाजूने
मानवत रोड मार्गे पाथरीकडे निघालेला आहे.
क्रमांक दहा, आपण जिथे असाल तिथून
तात्काळ गोलपाशी संपर्क साधावा.
गोलकीपर, आपले सामान आपण स्वतः सांभाळावे.

सुजात हसून हसून खुर्चीवरून घसरला.
तेवढ्यात चेंडू आमच्याच जाळ्यात गेला.
चाललं त्याला.

तेव्हापासून संध्याकाळी सातचा सामना
माझी दुसरी ड्यूटी.
आता मला ऑफसाइड कळतो:
गाडी लागायच्या आधीच दारात जाऊन उभं राहणं, थोडक्यात.
बारा नंबरचा पोरगा दमलाय हेही कळतं,
त्याच्यासाठी मी बदली मागते.
कधी देतो, कधी म्हणतो, "डेपो मॅनेजर मी हाय."

काल सत्त्याऐंशीव्या मिनिटाला, दोन-दोन,
सात नंबर एकटा, समोर फक्त गोलकीपर,
आणि लाइट गेली.

अंधारात कूलरचं पातं थांबत थांबत थांबलं.
"थांबू नको," सुजात म्हणाला. "बोल."

बोलले. सात नंबर पुढे. पाय उचलला. मारला.
आणि अडले.
अकरा वर्षांत न आलेली गाडी
आली म्हणून कधी सांगितलेली नाही मी.
लेकरू श्वास धरून बसलेलं,
एक शब्द तर द्यायचा होता.

"चेंडू," मी म्हणाले, "काही तांत्रिक कारणामुळे
उशिराने धावत आहे."
"किती उशीर?"
"अजून वसमत सोडलं नाही."
"बरं," म्हणाला, आणि चटईवर आडवा झाला.

दीड वाजता लाइट आली. नळाला अजून तासभर होता.
त्याच्यासारखंच बटण दाबलं, दोनदा क्लिक केलं.
चटईवर त्याचा उजवा पाय झोपेत एकदा उडाला.

पडद्यावर शून्य-शून्य. तुषार उडून झालेले.
बावीस जण उभे,
वजन या पायावरून त्या पायावर टाकत,
पहाटेच्या गंगाखेड गाडीचे लोक
फलाटावर टाकतात तसं,
काही न बोलता, काचेकडे बघत,
आत कुणी आहे का ते.