टेकू

चोडणच्या शेडमध्ये फणसाची फळी.
राऊटरचं अर्धं बूड रुळावर,
अर्धं अधांतरी,
सगळ्या स्कूटर एकाच कडेला लावल्या
की रायबंदरची फेरीबोट कलते तसं.

काल असंच कललं.
खाचेच्या तळाला पायरी पडली
आणि फिलोमेनाबाईंच्या दाराची एक फळी
चुलीपाशी गेली.

"घट्ट धर, घट्ट," मी शांबावर ओरडत होतो.
तो म्हणाला, "हाताचो दोस न्हय, मेस्ता.
खाला कांयच ना मरे."

खरंच की.
तीस वर्षं मी मनगटांनाच शिव्या घातल्या.

मग शोधाशोध, रुळाइतकं जाड काहीतरी.
प्लाय जाड होतो, पुठ्ठा दबतो.
शेवटी सनमायकाच्या चार पट्ट्या, एकीवर एक,
तरी केसभर कमी,
म्हणून वर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घडी करून.
लोंबत्या कडेखाली चिकटपट्टीनं आवळलं.
लेव्हलमधला बुडबुडा जरा भटकला,
मग मधोमध बसला.

बटण दाबलं. पिवळा भुसा उडाला, नाकात, भुवयांत.
खाच या टोकाची त्या टोकाला गेली
आणि मी यंत्र नुसतं ढकलत होतो,
सावरत नव्हतो.

पत्रिका कुणाची,
ते बघायचं राहिलंच.