पंच

माझं पंक्चरचं दुकान वळणाला लागून,
धारबांदोड्याच्या अलीकडे,
म्हणून पंच म्हणून मलाच बोलावतात.
हवालदार गावस हाक मारतो, "ये रे पुंडलीक, सहीपुरता."
दुसरा पंच सोड्याच्या गाड्यावरचा इनास.
कागदाच्या भाषेत आम्ही दोघं
त्रयस्थ व प्रतिष्ठित इसम.

टेपचं एक टोक इनास धरतो, एक मी.
रस्त्याची रुंदी. गाडी कडेपासून किती फूट.
काच कुठवर उडाली.
शेवटी रकाना: अपघाताचे कारण.
एका ओळीचा आहे.
गावस मान वर न करता भरतो,
भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे.

बारा वर्षं तीच ओळ.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे, भाड्याची गाडी,
दूधसागर बघायला निघालेली चार पोरं,
फोनमधली बाई म्हणाली उजवीकडे
आणि उजवीकडे ओहोळ होता.
तीच ओळ.
रात्री डांबराच्या उबेला बसलेली बाबलोची काळी गाय.
तीच ओळ. गायीचा जबाब घेता येत नाही.
लग्नाहून परतणारा एकजण तर गाडीतून उतरून
आमच्याशी अगदी नीट बोलला,
म्हणाला, मी घेतलीच नाही,
दोनच घेतल्या.
आणि वेर्ण्याच्या फॅक्टरीतून तिसरी रात्रपाळी करून येणारा तो.
ब्रेकचा व्रण कुठेच नव्हता रस्त्यावर.
मी म्हटलं, झोपेत माणूस ब्रेक दाबत नाही हो.
गावस म्हणाला, झोपेला रकाना नाही.

मग चवथीच्या आदल्या दिवशी, उल्हास.
त्याला तोवर बांबोळीला नेला होता.
पांढरी गाडी वडाला टेकलेली
आणि रस्ताभर माटोळी.
चिबूड फुटलेला, सुपारीचे घोस, निरफणस,
वाऱ्यानं अजून खुळखुळणाऱ्या घागऱ्या.
गावस मुद्देमाल लिहीत होता,
आंबाड्यांपाशी अडला: नग लिहू की किलो?
इनासनं एक नारळ उचलला,
मग होता तिथंच परत ठेवला.

मी पुढच्या डाव्या चाकाशी बसलो.
बोट फिरवलं.
जेवणाच्या ताटासारखा गुळगुळीत.

सकाळी दहाला तो माझ्याकडेच थांबला होता.
मी म्हटलं, टायर गेलाय रे, बदल.
म्हणाला, चवथ होऊ दे.
मी बरं म्हटलं,
हवा भरली,
वीस रुपये घेतले,
सण म्हणून पाच परत दिले.

"काय दिसलं?" गावसनं विचारलं.
झिमझिम थांबली होती. टेप माझ्या हातात.
म्हटलं, काही नाही.

त्यानं रकाना भरला.
खाली मी सही केली, नेहमीपेक्षा नीट,
वडिलांच्या नावासकट.
वय एकोणपन्नास.
धंदा टायरचा.