खांदा, उजवा

कागदावर एवढंच : पोलिकार्पो आलेस्ना, वय एक्याऐंशी,
उजवा खांदा, कोपर वर चढत नाही.
विमा कंपनीने मंजूर केलेल्या खेपा बारा.
"बाराच?" म्हातारा हसला, "आमचे वारही बाराच."

दक्षिण स्टॉक्टनमधलं हे गॅरेज. आत गाडी नाही.
खांबाला बांधलेले टायर, वेतानं सोलवटलेले,
खिळ्यांवर काठ्या, आणि एक लांब दांड्याची सुरी,
माशाच्या शेपटीसारखं पातं,
अ‍ॅस्परॅगसचे कोंब मातीखालून छाटायची.
(आपल्या शतावरीची ही परदेशातली बहीण.)
डॉक्टरनं दिलेली चालायची काठी दारामागे, किमतीच्या चिठ्ठीसकट.

"हात वर घ्या," मी म्हणते.
कोपर जिथं अडतं तिथूनच तो मनगट फिरवतो
आणि मांजरपाट टर्रकन फाटावं तशी हवा फाटते.

शनिवारी शिष्य येतात. एकदा मीही गेले.
एक ट्रक ड्रायव्हर, एक शाळामास्तरीण,
चाळिशीतले दोन जुळे, एकमेकांशी न बोलणारे.
सगळ्यांचे खांदे ठणठणीत,
आणि सगळ्यांची कोपरं खाली, बरगडीला चिकटलेली,
जणू प्रत्येकाच्या काखेत एकेक अंडं.
"ही आलेस्ना पद्धत," ट्रकवाला मला समजावतो,
"कोपर उचललं की बरगडी उघडी पडते. मानोंगचा सिद्धांत आहे."

मी मानोंगकडे बघते.
मानोंग टायरकडे बघतो.

चौथ्या खेपेला, गरम पिशवीखाली, तो आपणहून बोलला.
डेल्टाच्या काळ्या मातीत वाकला होता,
ट्रकचं फळकूट निखळून खांद्यावर आलं.
डॉक्टरला पैसे नव्हते. हाड आपल्या मर्जीनं जुळलं.
त्याआधी काका हिलारियो शिकवायचा,
मजुरांच्या खोलीत, खिडकीला घोंगडी लावून.
काकाचा वार डोक्यावरून यायचा, घार उतरावी तसा.
"तो वार माझ्या हातून गेला. उरलं ते शिकवलं.
नाव लोकांनी दिलं."
आणि काका?
"काका लंगडा. सेबूमध्ये अजून तीन गावं लंगडत लढतात."

सहाव्या खेपेला त्यानं माझ्याच हातांत काठ्या दिल्या.
सिनावाली, म्हणाला. विणणं.
डावी वरून, उजवी खालून, मग उलट.
खट खटक् खट, खट खटक् खट...
हातांना आधीच माहीत होतं.
इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे माग होते,
धोट्याच्या ह्याच तालावर मी एकोणतीसचा पाढा पाठ केला,
रात्री वीज जाऊन माग थांबले की दचकून उठायचे.
"कुणी शिकवलं?" "मागानं," मी म्हणाले, मराठीत.
त्यानं मान डोलावली. काय कळलं, कुणास ठाऊक.
"रिकामा हात मेलेला ठेवू नकोस," एवढंच म्हणाला,
"लोक काठीकडे बघतात. काम तोच करतो."

नवव्या खेपेला कोपर चढलं.
फार नाही. कानाच्या पाळीपर्यंत.
त्याला माझ्याआधी कळलं.
काठी घेतली, टायरासमोर उभा राहिला,
आणि घार उतरली.

खांब थरथरत राहिला.
तो रंगाच्या डब्यावर बसला, काठी मांडीवर आडवी.
बराच वेळ शेजारचा कुत्रा तेवढा भुंकत होता.
"आता शनिवारी मी त्यांना काय सांगू?"

मी फॉर्म भरत होते. सुधारणा : वीस अंश.
"तेवढं लिहायलाच हवं का?"
लिहायला हवं. मी पंधरा लिहिले.

शनिवारी रस्त्यापलीकडे गाडीत बसून पाहिलं.
सगळ्यांची कोपरं खाली. त्याचंही.
अंडी शाबूत.
सगळे गेले. शटर गुडघ्याएवढं उरलं तेव्हा
फटीतून दिसल्या फक्त त्याच्या जुन्या चपला,
डावं पाऊल पुढे घेतलेलं,
किंचित लंगडं.